गास्पारच्या मळ्यातला हौद

मी हौद बोलतोय. घर भाड्याने देण्याच्या जाहिरातीत मला 'खासगी जलतरण तलाव' म्हटलंय आणि फोटो असा काढलाय, की माझा मीच मला ओळखू येत नाही. पण मी मूळचा हौदच. स्पेनच्या मायोर्का बेटाच्या पार मधोमध, सिनेउ गावाबाहेरच्या एका मळ्यात मी आहे. इथून समुद्र दिसत नाही, त्याचा वाराही लागत नाही. पाहुण्यांना म्हणे तेच आवडतं.

मला राफेलने बांधलं. विहीर खणताना निघालेल्या दगडांच्या त्याने माझ्या भिंती केल्या आणि मला मळ्यापेक्षा उंचावर बसवलं, म्हणजे पाणी आपल्या पायांनी खाली उतरेल. तळाशी एक तोंड ठेवलं, त्याला चिंध्या गुंडाळलेलं लाकडी बूच. पवनचक्की विहिरीतलं पाणी माझ्यात ओतायची. दिवस कलला की बूच निघायचं, मी पाटातून धावत सुटायचो, आणि राफेलचा मुलगा गास्पार अनवाणी दारं धरायचा. घेवडा, वांगी आणि ते जाड सालीचे टोमॅटो, ज्यांच्या माळा ओवून आढ्याला टांगतात आणि थंडीभर पावावर चोळून खातात.

माझ्यात शेवाळ होतं, बेडूक होते. गास्पारची लेक कोलोमा पाठीला भोपळा बांधून माझ्यातच पोहायला शिकली. दुपारी कुदळ बाजूला टेकवून गास्पार ओंजळभर पाणी प्यायचा आणि म्हणायचा, "असं गोड पाणी अख्ख्या गावात नाही." पुढे त्याची बायको गेली, तरी ही फुशारकी काही त्याने सोडली नाही. मला ती फार आवडायची.

मग मळ्याला पैसा देणारी बदामाची झाडं रोगाने वाळली. दोन-चार वर्षांत टेकडीपर्यंतचं सगळं रान काळं पडलं. एके दिवशी कोलोमाने विषय काढला.

"बाबा, मळा विकायचा नसेल तर उन्हाळाभर घर भाड्याने देऊ. तुम्ही मागच्या खोलीत राहा. भाजीचे वाफे तुमचेच."

"आणि परके लोक माझ्या पलंगावर लोळणार?"

"तुमच्या त्या कुरकुरणाऱ्या पलंगाला कोण भाडं देतंय! नवा घेतेय."

गास्पार हसला, आणि घर भाड्याने गेलं.

मला गिलावा झाला, निळ्या फरशा बसल्या. तळाचं तोंड तेवढं धुण्यापुसण्यासाठी ठेवलं. बेडूक एका रात्रीत निघून गेले. शेजारचा बर्नात कुंपणावरून डोकावून म्हणाला, "गास्पार, नशीब काढलंस लेका! तुझ्या हौदात आता परदेशी बायका पोहतात."

"पोहू देत की. तुझ्या हौदात बदकंसुद्धा उतरत नाहीत, त्याला मी काय करू?"

विहीर आटत चालली होती, म्हणून वाफ्यांसाठी कोलोमाने गावच्या नळाची नळी आणून दिली. बापलेकीचं बरं चाललं होतं. पण माझं पाणी स्वच्छ ठेवणाऱ्या औषधाने डोळे चुरचुरतात अशी पाहुण्यांची तक्रार यायला लागली, तेव्हा यंदा तिने त्याऐवजी मिठावर चालणारं यंत्र बसवलं. मिठाची पोती माझ्यात रिकामी करताना ती सारखी मागच्या खोलीकडे बघत होती. बापाला एवढंच म्हणाली, "बाबा, हौदाचं बूच आता काढायचं नाही हं."

"का गं?"

"पाहुणे रागावतात."

खरं कारण तिच्या ओठांवर आलं होतं. पण तुमच्या हौदात मी मीठ कालवलं, हे ती त्या माणसाला कुठल्या तोंडाने सांगणार होती?

उन्हाळा कडक निघाला. ऑगस्टमध्ये गावाने बागांचं पाणी बंद केलं. टोमॅटोची पानं माना टाकू लागली. त्या दिवशी पाहुणे समुद्रावर गेले होते. गास्पार कुदळ घेऊन आला. एकदा वाफ्यांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मी काठोकाठ भरलेला. जन्मभर दारं धरलेल्या माणसाने आणखी काय करावं?

"पाहुण्यांचं काय, पुन्हा भरून देईन," असं पुटपुटत त्याने बूच उपटलं.

मला ओरडता आलं असतं तर! किती वर्षांनी मी पाटातून धावत होतो, आणि ज्यांना मी लहानाचं मोठं केलं त्यांच्याच मुळाशी विष नेत होतो. गास्पार मात्र चिखलात उभा राहून शीळ घालत होता.

आठवड्याभरात सगळं करपलं. गास्पारने मुळं उपटून पाहिली, कीड शोधली. मग माझ्याकडे आला. वाफ्यांना गेलं तेवढं पाणी त्याने घरच्या नळाने भरून काढलं होतं, पण माझ्यातलं बरंचसं मीठ अजून होतं. त्याने ओंजळ भरून घेतली आणि प्यायला. थुंकला नाही, गिळलं त्याने ते पाणी. पाहुण्यांच्या चादरी वाळत घालणाऱ्या लेकीला त्याने हाक मारली.

"कोलोमा, इथं समुद्र कोणी आणला?"

तिच्या हातातली चादर मातीत पडली. "मी आणला, बाबा."

"मला सांगायचं होतंस गं. झाडं सुकू दिली असती मी. सुकलेली जमीन पावसाने उठते. खारवलेली कधी उठायची?"

तो ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. तिने त्याचा हात धरला, त्याने तो हळूच सोडवून घेतला.

माझं तोंड तिने स्वतःच सिमेंटने बुजवलं. बुजवताना रडत होती. तिच्यावर तरी कसं रागवू? तिने घर भाड्याने दिलं नसतं तर मळा केव्हाच गेला असता. गास्पार आता वाफ्यांकडे फिरकत नाही. त्याने खुर्ची भिंतीकडे तोंड करून मांडली आहे. मला त्याची पाठ तेवढी दिसते.

तुम्ही कधी हे घर घेतलंत तर खुशाल पोहा, पोरांना डुंबू द्या. तुमच्यावर माझा राग नाही. फक्त निघताना मागच्या खोलीपाशी जा. तिथे एक म्हातारा माझ्याकडे पाठ करून बसलेला असेल. त्याला सांगा, तुमच्या मागे आहे तो समुद्र नाही, तो तुमचा हौद आहे. मान वळवेलच असं नाही. तरी सांगा.