सात केंद्रांचं पान

रक्तपेढीच्या कार्यालयात तिला सगळे ताई म्हणत. सातही केंद्रांतला रक्तसाठा एका पानावर दाखवणारा प्रोग्राम तीच सांभाळायची. नवऱ्याची बदली होऊन आठ महिने झाले होते आणि मुलगीही त्याच्याकडेच होती. ताईने दोनदा राजीनामा दिला, दोन्ही वेळा साहेबांनी तो खणात सरकवला. पान सारखं अडकतं, तेवढं नीट कर आणि मग खुशाल जा, असं त्यांचं म्हणणं.

अडकायचं कारण साधं होतं. प्रोग्राम एका केंद्राच्या डेटाबेसला विचारायचा, उत्तर येईपर्यंत ताटकळत बसायचा आणि मग दुसऱ्याकडे वळायचा. एक यंत्र रेंगाळलं की बाकीच्यांचीही रखडपट्टी. ताईने नवीनच घाट घातला. प्रश्नाचा साचा प्रत्येक डेटाबेसकडे आधी तयार करून ठेवायचा, त्यात रक्तगटाची जागा तेवढी मोकळी. मग सगळीकडे एकदम रक्तगट धाडायचा, कोणासाठी थांबायचं नाही, आणि येतील तशी उत्तरं दाखवायची.

सकाळी साडेदहाला तिने ते चालू केलं आणि पान पार गोठलं.

तेवढ्यात इस्पितळातून सिस्टरचा फोन आला. बाळंतिणीला रक्तस्राव होत होता, रक्तगट दुर्मीळ, दोन पिशव्या हव्या होत्या. जुना प्रोग्राम परत लावावा, तर तिसऱ्या केंद्राचं यंत्र सकाळपासून बंद. तोही तिथेच अडकला असता. साहेब एकेका केंद्राला फोन लावत सुटले. दोन ठिकाणी कोणी उचलेना.

ताईने ओळीन् ओळ पुन्हा वाचली, तेव्हा चूक दिसली. साचा तयार झाला की डेटाबेस तसं उलट कळवतो. तो निरोप तिने उचललाच नव्हता, आणि तो उचलल्याशिवाय त्या जोडणीवरून पुढचं काही जात नव्हतं. तिने चार ओळी घातल्या. दोन सेकंदांत सहा केंद्रांची उत्तरं आली. तिसऱ्यापुढे 'उत्तर नाही' असं उमटलं. सहाव्या केंद्रात तीन पिशव्या होत्या.

बाळंतीण धोक्याबाहेर असल्याचं सिस्टरने दुपारी कळवलं. मग ताईने तिसरा राजीनामा साहेबांपुढे ठेवला.

"आज तू नसतीस तर?" साहेब म्हणाले. ते रागावले नव्हते, त्यांचा आवाज अजून कापत होता. "तुला कोणत्या तोंडाने सोडू?"

"पान आता अडकत नाही, साहेब. तुम्हीच म्हणाला होतात."

"म्हणालो होतो खरा."

त्यांनी कागद घडी करून खणात ठेवला. बाळंतिणीचं नाव पुढे केल्यावर तिलाही भांडता येईना.

संध्याकाळी तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, शाब्बास म्हणाला, आणि मग हळूच विचारलं, "मग कधी येतेस?"

तिने बघते म्हटलं. पलीकडून मुलगी फोन मागत होती. तिच्या हाती तो जायच्या आत ताईने आपला फोन ठेवून दिला.