काजं-बटणांना एक स्टार

धाकट्या लेकीला जुळं झालं त्या वर्षी मास्तर लिहायला शिकले. घराण्यात त्या वर्षी तीन नवी तोंडं सुरू झाली, असं सून म्हणायची. दोन जुळ्यांची आणि तिसरं मास्तरांचं. जुळी निदान दूध मिळालं की गप्प बसायची.

मास्तर म्हणजे शाळामास्तर नव्हेत, शिंपी. उभा जन्म लोकांनी त्यांना मास्तर म्हटलं, आणि मास्तरांना स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं. दुकानात माप ते घ्यायचे आणि आकडा मोठ्याने ओरडायचे. लिहून घ्यायची बायको. ती चार इयत्ता शिकलेली होती. मापं लिहून झाली की ती मागच्या खिडकीशी बसून काजं करायची, बटणं लावायची. मास्तर येऊन एकेक काज उजेडात धरून बघायचे आणि म्हणायचे, "हे जरा ओढलं गेलंय." ओढलं गेलेलं नसलं तरी म्हणायचे. त्यांच्या उस्तादाची शिकवणच तशी होती. ज्याच्या हातात कसब आहे त्याला बोल लाव, ज्याच्या हातात काही नाही त्याची पाठ थोपट. पहिला आणखी सुधारतो, दुसरा निदान रडत घरी जात नाही.

पुढे लोक तयार कपडे घ्यायला लागले, मास्तरांना सुईचं नेढं दिसेनासं झालं आणि दुकान बंद पडलं. रिकामा माणूस घरात काय करणार? झाकणं उघडून बघणार, नळ घट्ट बंद आहे का ते बघणार, सुनेच्या शिवलेल्या उशीची टीप वाकडी आहे म्हणून सांगणार. सून एका बँकेच्या तक्रार विभागात कामाला होती. दिवसभर परक्या लोकांच्या तक्रारी ऐकून घरी यायचं आणि दारातच घरची तक्रार उभी. तिनेच एका रविवारी मास्तरांच्या हातात फोन दिला आणि म्हणाली, "बाबा, आता जे बोलायचंय ते यात लिहा. मी शिकवते."

मास्तर शिकले. जोडाक्षरांपाशी अडले, वेलांट्यांपाशी भांडले, पण शिकले. अक्षरं शिकलेल्या माणसाला लिहायला काहीतरी लागतं, आणि मास्तरांकडे लिहिण्यासारखं काही नव्हतं. पत्र लिहावं असे मित्र उरले नव्हते. उरले होते त्यांना वाचता येत नव्हतं.

मग एके दिवशी नातवाने फोनवर टाकून ठेवलेला फुगे फोडायचा गेम ते खेळत होते, तेव्हा फुग्यांच्या मधोमध एक चौकोन उघडला. त्यात लिहिलं होतं, "तुम्हाला हा गेम कसा वाटला?"

मास्तर सरळ होऊन बसले. जन्मात त्यांना कुणी लिहून मत विचारलं नव्हतं. तोंडी विचारणारेही फारसे नव्हते, ते न विचारताच सांगायचे म्हणून.

"कुणीतरी विचारतंय," ते बायकोला म्हणाले.

"मग सांगा की," ती पलंगावरून म्हणाली. "नाहीतरी राहवणार आहे का तुम्हाला?"

मास्तरांनी अख्खी दुपार घालवून लिहिलं, "फुगे चांगले आहेत. पण फुटल्यावर रबर कुठे जातं ते दिसत नाही." खाली पाच चांदण्या होत्या. गेम अगदीच बाळबोध. करणारा नवशिका असणार, बिचाऱ्याचं मन का मोडा? मास्तरांनी पाचही चांदण्या दाबल्या आणि पाठ थोपटल्याच्या समाधानाने चहा मागितला.

तिथून त्यांना नादच लागला. रोज नवा गेम उतरवून घ्यायचा, थोडा खेळायचा आणि निकाल द्यायचा. खेळण्यात त्यांना गोडी नव्हती, सगळी गोडी निकालात. गाड्या उभ्या करायच्या गेमला लिहिलं, "ड्रायव्हर दिसत नाही. गाडीत कोणी नसताना ती चालते कशी? पाच स्टार." फळं कापायच्या गेमला लिहिलं, "एवढी फळं कापली आणि खाल्लं कोणी नाही. जमेल हळूहळू. पाच स्टार." बाहुलीला कपडे घालायच्या एका गेमवर मात्र ते खवळले. रंगसंगती उत्तम, फ्रॉकचा घेर मोजून काढल्यासारखा. म्हणजे करणारा जाणकार होता. "फ्रॉकला चेन नाही, बटण नाही, मागे चीर नाही," मास्तरांनी लिहिलं. "मग बाई आत शिरली कुठून? एक स्टार."

त्या अभिप्रायाखाली एके दिवशी ओळ उमटली. तीन जणांना हा अभिप्राय उपयुक्त वाटला. मास्तरांनी ती ओळ घरभर दाखवली.

"एक मी," मुलगा म्हणाला. "तुम्हीच जेवायला वाढू न देता दाबायला लावलंत."

"दुसरी मी, न वाचताच," सून म्हणाली.

"आणि तिसरा?" मास्तर म्हणाले. "तिसरा कोण? बाहेरचा आहे! आहे कुणीतरी जाणकार."

त्या दिवसापासून मास्तर त्या तिसऱ्यासाठी लिहू लागले. प्रत्येक अभिप्रायाखाली तो तिसरा इमानाने हजेरी लावायचा. मास्तरांच्या डोळ्यासमोर तो बसलेला असायचा. चष्मा लावलेला, कॉलर कडक इस्त्रीची, माणूस अनुभवी. उंटावरच्या शहाण्यालाही खाली एक श्रोता लागतो, तो मिळाला होता.

बायकोचं मात्र त्या वर्षी काही खरं नव्हतं. मोठ्या दुखण्यातून उठली होती ती अर्धीच. पाय धरत नव्हते, बोटं थरथरायची. सुई हातात धरवत नव्हती, आणि ज्या बाईने जन्मभर सुई धरली ती रिकाम्या बोटांकडे बघत पडून राहायची. डॉक्टर म्हणाले, बोटं हलती ठेवा. सुनेने आपला जुना फोन तिला आधीच देऊन ठेवला होता, आता त्यावर एक गेम शोधून दिला. वरून रंगीबेरंगी बटणं पडायची, ती बोटाने सरकवून ज्या त्या रंगाच्या बरणीत टाकायची. बरणी भरली की झाकण लागायचं आणि छोटी घंटी वाजायची. बस, एवढंच. घाई नाही, हरणं नाही.

म्हातारी बटणं लावायला लागली. थरथरतं बोट हळूच सरकवायची, चुकलं तर परत आणायची. घंटी वाजली की तिच्या तोंडावर जे यायचं ते मास्तरांनी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. ती पुन्हा जेवायला लागली. सुनेला हाका मारायला लागली. "पोरी, बघ, सगळी निळी संपवली!"

मास्तरांनी तो गेम खेळून पाहिला. बटणांना चार भोकं होती, कडा गोल, रंग पक्के. हे काम कारागिराचं होतं. आता कारागीर सापडला म्हटल्यावर मास्तरांचा हात राहतोय होय? हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. त्यांनी लिहिलं, "बटणं उत्तम. पण कामाला वेळेचं बंधन नाही. असं रेंगाळत काम केलं तर दुकान बसेल. घड्याळ लावा. एक स्टार."

ज्या माणसाने जन्मात एक सदरा बोललेल्या दिवशी दिला नाही, गिऱ्हाइकाला "उद्या या" म्हणण्यात ज्याची हयात गेली, त्याने घड्याळ मागितलं.

चार दिवसांनी खाली उत्तर आलं. "सर, आमची छोटी टीम आहे. तुमची सूचना फार आवडली. पुढच्या अपडेटमध्ये घड्याळ नक्की!" मास्तरांनी ते उत्तर मुलाला वाचून दाखवलं, शेजाऱ्याला वाचून दाखवलं, गॅसचा सिलिंडर आणणाऱ्याला जिन्यात थांबवून वाचून दाखवलं.

अपडेट आलं. बटणांच्या वर एक लाल घड्याळ बसलं आणि टिकटिक करत उलटं धावायला लागलं. म्हातारीचं बोट पहिल्या बटणापर्यंत पोचेपर्यंत वेळ संपायचा आणि सगळ्या बरण्या फुटायच्या. पहिल्या दिवशी तिने पुन्हा पुन्हा करून पाहिलं. दुसऱ्या दिवशी थोडं. तिसऱ्या दिवशी फोन उशीशेजारी पालथा पडला होता आणि ती भिंतीकडे तोंड करून.

"का गं, खेळत नाहीस?" मास्तरांनी विचारलं.

"नाही जमत आता," ती म्हणाली. "काम वेगाचं झालंय. वेगाचं काम आपलं नाही."

संध्याकाळी तिने जेवण परत पाठवलं. मास्तर आपलं ताट सारून फोन घेऊन बसले. बायकोला काही कळता कामा नये, आणि घड्याळ तर निघायलाच हवं. त्यांनी विचार केला, आता आपण मागणारे. मागणाऱ्याने गोड बोलावं. त्यांनी नवा अभिप्राय लिहिला, "फार सुंदर गेम. असा गेम झाला नाही, होणार नाही. घड्याळ तेवढं काढलं तर बरं होईल. पाच स्टार."

उत्तर लगेच आलं. "पाच स्टारबद्दल आभार! मित्रांनाही सांगा!"

मास्तरांनी पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच उत्तर, त्याच उद्गारचिन्हांसकट. शेवटी ते फोन घेऊन स्वयंपाकघरात सुनेपाशी गेले आणि चोरासारखे उभे राहिले.

सुनेने हात पुसून फोन घेतला. आधीचे अभिप्रायही वाचत गेली आणि तिच्या भुवया चढत गेल्या. "बाबा, हा गाड्यांचा भिकार गेम. याला पाच?"

"नवशिके आहेत बिचारे."

"आणि बाहुलीचा इतका छान, त्याला एक?"

"त्याच्यात दम आहे म्हणून. दम असलेल्याचे कान धरायचे असतात."

सून ओट्याला टेकून हसायला लागली. हसता हसता तिची नजर घड्याळाच्या अभिप्रायावर गेली आणि हसू थांबलं. "हे घड्याळ तुम्ही मागितलंत?"

मास्तर नळ घट्ट बंद आहे का ते बघायला लागले.

"बाबा, ऐका," सून म्हणाली. "मी तक्रारींतच बसते दिवसभर. पाच स्टारवाल्याला मशीन उत्तर देतं. एक स्टारवाल्याला माणूस. गोड लिहू नका. झालं तसं लिहा."

मास्तर खिडकीपाशी बसले आणि लिहायला लागले. या वेळी शेरा मारायचा नव्हता, त्यामुळे फार जड गेलं. लिहिलं ते असं:

"घड्याळ मी मागितलं होतं. चूक माझी. माझी बायको हा गेम खेळते. तिने जन्मभर माझ्या दुकानात काजं-बटणं केली. आता तिची बोटं थरथरतात, वेळ लागतो. तिच्यामुळे कधी उशीर झाला नाही, उशीर माझा असायचा आणि गिऱ्हाइकाला मी तिचं नाव सांगायचो. घड्याळामुळे ती खेळायची थांबली आणि जेवायचीही. घड्याळ काढा. मला घड्याळातलं काही कळत नाही. एक स्टार."

उत्तर यायला वेळ लागला. तेवढ्या दिवसांत मास्तरांनी एकाही गेमला निकाल दिला नाही. देशातले सगळे गेम तरीही चालू राहिले, हे त्यांच्या लक्षात आलं. मग एका सकाळी ओळ आली. "आजोबा, घड्याळ बंद करायचं बटण दिलंय. आजींना सांगा, सावकाश." या उत्तरात उद्गारचिन्ह नव्हतं.

मास्तर फोन घेऊन पलंगापाशी गेले. "अगं, ते घड्याळ बंद होतंय म्हणे. असं ऐकलं. कोणीतरी सांगितलं असेल त्यांना."

"कोणीतरी?" म्हातारी म्हणाली. तिने पालथा फोन सुलटा केला, घड्याळ बंद केलं आणि एक पिवळं बटण हळूहळू बरणीत नेलं. "लावलं कोणी तेही ऐकलंत का कुठे?"

मास्तर चादरीची टीप बोटाने चाचपायला लागले.

"चार इयत्ता शिकलेय मी. तुमची मापं कोण लिहायचं, विसरलात? गेमच्या खालीच तर असतं तुमचं लिहिलेलं. पहिल्या दिवसापासून वाचतेय. फुग्यांच्या रबरापासून."

मास्तर स्टुलावर बसले. कडक कॉलरचा, चष्म्याचा, अनुभवी माणूस त्यांच्या डोळ्यांदेखत विरघळला. "म्हणजे तो तिसरा…"

"मीच. रोज अंगठा दाबत होते."

"घड्याळ मागितलं त्यालासुद्धा?"

"त्यालासुद्धा. राग आला होता, पण दाबला. एकही वेलांटी चुकली नव्हती त्यात." तिने दुसरं बटण उचललं. "शेवटचं वाचलं तेव्हा मात्र फोन बराच वेळ बाजूला ठेवला."

घंटी वाजली. पिवळी बरणी भरली होती. म्हातारीने मास्तरांकडे पाहिलं. "सगळ्या जगाला स्टार वाटता. माझ्या काजांना कधी दिले नाहीत. किती द्याल?"

मास्तरांच्या जिभेवर पाच आले होते. जन्मभराच्या 'ओढलं गेलंय'ची भरपाई करायची हीच वेळ होती, आणि पाच म्हणजे जगात सगळ्यांत मोठे, हे सुनेने नीट समजावलं होतं. पण समोरची बाई जन्मभर उस्तादाची तीच शिकवण ऐकत आली होती. तिला मास्तरांचे पाच काय असतात ते ठाऊक होतं.

"एक," मास्तर म्हणाले.

म्हातारी हसली. सगळे दात गेलेलं हसू. "एकच ना? मग ठीक. पाच म्हणाला असतात तर धडगत नव्हती तुमची."

"जरा ओढलेली असायची," मास्तर म्हणाले, आणि वाकून तिच्या फोनमधली बरणी बघायला लागले.

"असायची," ती म्हणाली. "सरका, उजेड अडवताय."

त्यानंतरही मास्तर गेमवर लिहायचे, पण कमी. चांगल्याला पाच द्यायला सुनेने शिकवलं होतं तरी हात वळायचा नाही. प्रत्येकाखाली एक अंगठा यायचा. शेजारच्या खोलीतून.

जुळी शाळेत जायला लागली त्या वर्षी, शाळा उघडली त्याच आठवड्यात, गुरुवारी सकाळी चहानंतर म्हातारी वारली.