व्यक्ती क ची सुनावणी

गरिबीवर प्राध्यापकांचा फार जीव. कायद्याच्या विभागातली बाकीची मंडळी करार, कंपन्या, करचुकवेगिरी अशा खात्यापित्या विषयांत रमलेली असताना यांनी सामाजिक सुरक्षेचा कायदा धरला. गरिबीनेही त्यांना कधी उपाशी ठेवलं नाही. तिने त्यांना शिष्यवृत्ती दिली, परदेशातल्या परिषदा दिल्या आणि शेवटी खिडकीवाली खोलीसुद्धा दिली.

त्यांच्या गाजलेल्या पुस्तकाचं नाव 'नात्यांची सावली'. त्यातलं म्हणणं असं, की सरकारी मदत पोचायच्या आत नातेवाईक पोचलेले असतात. कायद्याने त्यांची दखल घ्यावी. पुराव्यादाखल मुलाखती होत्या. त्यांतलं व्यक्ती क चं वाक्य सगळ्यांना आवडलं. व्यक्ती क : विधवा, मूल नाही, जन्मभर शिवणकाम, आता बोटं वाकडी झालेली. ती म्हणाली होती, "माझा भाऊ मला काही कमी पडू देत नाही."

व्यक्ती क ही प्राध्यापकांची सख्खी थोरली बहीण. मुलाखतींना माणसं कमी पडत होती, तेव्हा त्यांनी आपल्या विद्यार्थिनीला ताईकडे पाठवलं. ताईने तिला चहा दिला, बसायला एकुलती एक खुर्ची दिली आणि ते वाक्य दिलं. परक्या मुलीसमोर भावाची अब्रू काढायची तिची रीत नव्हती. आपलेच दात, आपलेच ओठ.

वाक्य वाचून प्राध्यापक जरा चपापले. आपण ताईला शेवटचं काय दिलं, ते आठवून पाहिलं. टेबलावरचा एक पंखा आठवला. तोही तिच्या गल्लीत दुरुस्तीवाला होता म्हणून दिला होता, आणि तिने तो दुरुस्त करून परत पाठवला होता. पण मुलाखत देणाऱ्याच्या शब्दांत संशोधकाने ढवळाढवळ करायची नसते. वाक्य तसंच छापलं गेलं.

सरकार पुस्तकं वाचत नाही, अशी प्राध्यापकांची जुनी तक्रार होती. हे पुस्तक मात्र वाचलं गेलं. कल्याण खात्याने नवा नियम केला : कमावता भाऊ किंवा बहीण असेल, तर तोच आधार मानावा आणि निराधारांचा भत्ता बंद करावा. वर्षाच्या आत ताईचा भत्ता बंद झाला.

ती भावाच्या घरी आली, तेव्हा तो नव्या आवृत्तीची मुद्रितं तपासत होता.

"सुनावणी आहे," ताई म्हणाली. "तू नुसता ये. सांग, की मी हिला काही देत नाही."

"असं कसं सांगू, ताई?"

"खरं आहे म्हणून सांग. तुला कुठे पदरचं घालायचंय?"

"नियमाचा हेतू वेगळा होता गं. त्यांनी माझ्या म्हणण्याचा विपर्यास केलाय."

"असेल. घरमालकीण भाड्यात विपर्यास घेत नाही. महिनाअखेर खोली सोडायला सांगितलीय तिने."

आतून प्राध्यापकांची बायको म्हणाली, "अहो, जाऊन या की. नाहीतर इथे आणा त्यांना. पण मागच्या खोलीतली तुमची गरिबी आधी हलवावी लागेल. पाय ठेवायला जागा नाही."

मागच्या खोलीत संदर्भग्रंथ होते. प्राध्यापक सुनावणीला यायला तयार झाले.

सुनावणीच्या खोलीत एक टेबल, तीन खुर्च्या आणि वाळलेलं रोप होतं. अधिकारी तरुण होता. प्राध्यापकांना पाहून तो उठूनच उभा राहिला.

"सर, तुम्ही? आम्हाला प्रशिक्षणात तुमचंच पुस्तक होतं."

प्राध्यापकांनी नको नको म्हणत ते मान्य केलं.

"हा माझा भाऊ," ताई म्हणाली.

अधिकाऱ्याचा चेहरा उजळला. "मग प्रश्नच मिटला. म्हणजे, सर, एवढं विचारावं लागतं म्हणून विचारतो. तुम्ही यांना मदत करता?"

प्राध्यापक खाकरले. "मुळात 'मदत' या संज्ञेची व्याप्ती पाहिली पाहिजे. आर्थिक मदत हा तिचा एक पैलू झाला. भावनिक सान्निध्य, संकटकाळी उपलब्ध असण्याची शक्यता..."

ताई भावाकडे बघत होती. लहानपणी शाळेचे सगळे वर्ग एकाच खोलीत भरत. फळ्यासमोर उभं केलं की त्याच्या कपाळावर असाच घाम यायचा, आणि मागच्या बाकावरून तीच उत्तर पुरवायची.

"सर, मला हो किंवा नाही लिहायचंय," अधिकारी अदबीने म्हणाला. "नाही लिहिलं, तर वर विचारतील, की सरांच्या पुस्तकातलं ते कुठून आलं. ती व्यक्ती क म्हणते ते. पुस्तकच खोटं आहे असं लिहू का?"

"व्यक्ती क कोण, ते मला सांगता येणार नाही," प्राध्यापक घाईने म्हणाले. "गोपनीयतेचं बंधन आहे." एवढं एक उत्तर मात्र त्यांनी ताबडतोब दिलं. मग ते वाळलेल्या रोपाकडे बघू लागले.

अधिकारी ताईकडे वळला. "बाई, तुम्हीच सांगा."

ताईने वाकडी बोटं पदराखाली घेतली. समोर परका माणूस होता, आणि तोही भावाला सर म्हणणारा.

"करतो की," ती म्हणाली. "काही कमी पडू देत नाही."

अधिकाऱ्याने हो लिहिलं आणि प्राध्यापकांकडे स्वाक्षरीसाठी 'नात्यांची सावली'ची आपली प्रत सरकवली. त्यांनी ती केली.

बाहेर पायऱ्यांवर प्राध्यापकांचा आवाज परत आला. "ताई, अपील करता येतं. मी तुला कलम काढून देतो."

"नको रे. तुझी कलमं मला झेपत नाहीत."

"मग तू असं का बोललीस?"

"तू काहीच बोलेनास म्हणून."

बस आली. ती चढली. प्राध्यापकांनी हात हलवला. भावनिक सान्निध्याच्या व्याख्येत तो बसत होता.

नवी आवृत्ती वेळेवर निघाली. त्या वाक्याखाली तळटीप वाढली होती : 'व्यक्ती क ने पुढे एका सरकारी सुनावणीतही, कोणत्याही दबावाविना, हेच विधान पुन्हा केले.' समीक्षकांनी या पाठपुराव्याचं कौतुक केलं.

पहिली प्रत प्राध्यापकांनी ताईला पाठवली. आठवड्याभराने प्रत परत आली. वेष्टनावर पोस्टमनने लिहिलं होतं : या पत्त्यावर राहत नाहीत.

"मग कुठे राहतात?" बायकोने विचारलं.

प्राध्यापकांनी पुस्तक मागच्या खोलीत नेलं. तिथे अजून एका प्रतीपुरती जागा होती.