धाकटीच्या आवाजापुरती शांतता

रविवारी तीनच्या ठोक्याला त्या घराच्या मागच्या खोलीतून ट्रक सुटायचा. अठरा चाकांचा, निळ्या रंगाचा, मागे वीस टन लाकूड. आणि चालवणारी अक्का. वय एकाहत्तर, गुडघे कुरकुरणारे, दोन्ही कानांत यंत्रं. पण टेबलाला जखडलेलं ते प्लास्टिकचं स्टिअरिंग हाती आलं की अक्काच्या पाठीचा कणा सरळ व्हायचा. खरी गाडी तिनं उभ्या जन्मात चालवली नव्हती. कॉम्प्युटरवरच्या खेळात मात्र चार वर्षांत एकदाही माल सांडला नव्हता.

तिच्या मागोमाग दुसरा ट्रक असायचा, पिवळा. तो तिच्या धाकट्या बहिणीचा. धाकटी राहायची दूरच्या शहरात, पण पडद्यावर दोघींच्या गाड्या एकाच रस्त्यानं धावायच्या आणि स्पीकरमधून धाकटी बोलत राहायची. फोनवर या दोघी 'बरी आहेस ना' आणि 'बरी आहे' यांच्या पलीकडे कधी गेल्या नाहीत. हातात चाक असलं की मात्र गाठी सुटायच्या. आईचं आजारपण, लहानपणी फोडलेली कंदिलाची चिमणी, कुणाचं लग्न का मोडलं, सगळं त्या रस्त्यावर बोलून झालं होतं, आणि झालेलंच पुन्हा सुरू झालं होतं.

मग धाकटीच्या घशाचं ऑपरेशन झालं. दोन महिने गाड्या उभ्या राहिल्या. डॉक्टरांनी बोलायची परवानगी दिली, पण हळू, ताण न देता. धाकटीचा आवाज आता वाळल्या पानासारखा झाला होता, आणि इकडे अक्काचा कॉम्प्युटर चक्कीसारखा घरघरायचा. डोंगराचा रस्ता लागला की आतले पंखे असे बोंबलायचे की अक्काच्या कानातल्या यंत्रात दुसरं काही शिरतच नसे.

"काय? काय म्हणालीस? मोठ्यानं बोल की गं."

धाकटी मोठ्यानं बोलली, आणि मग तिला खोकल्याची उबळ आली. पुढच्या रविवारी ती बोललीच नाही. पडद्याच्या कोपऱ्यात अक्षरं उमटवू लागली. अक्का वळणावर वाचायला गेली आणि चार वर्षांत पहिल्यांदा वीस टन लाकूड दरीत गेलं.

त्या दिवशी अक्कानं स्टिअरिंगवर फडकं टाकलं. "मला काही त्या ट्रकचं वेड नाही," ती म्हणाली. "डोळ्यांनाही बरं नाही ते." आणि स्वयंपाकघरात जाऊन स्वच्छ असलेला ओटा पुन्हा पुसायला लागली.

हे सगळं दारात उभी राहून तिची सून बघत होती. सूनबाईंना गल्लीत सगळे नळवाली म्हणत. घरोघरचे नळ, पाइप, गळत्या, तुंबलेली मोरी. वीस वर्षं हाच धंदा. तिचा नवरा चष्मेवाला, म्हणजे चष्म्याच्या काचा घासून देणारा. तो कॉम्प्युटर त्यानंच स्वतःच्या हातांनी जोडला होता, त्यामुळे त्याच्याविरुद्ध शब्द निघाला की तो आधी ऐकून न ऐकल्यासारखं करी.

"हेडफोन आणू," तो म्हणाला.

"कानातल्या यंत्रावर हेडफोन लावला की शिट्टी वाजते. मागे बघितलंय आपण."

"मग चित्राची प्रत कमी करू. पंखे शांत होतील."

आतून अक्काचा आवाज आला. "म्हणजे धुक्यात गाडी चालवू का मी?" तिला नको ते बरोबर ऐकू यायचं.

नळवालीनं कॉम्प्युटरच्या पेटीचं झाकण काढून आत पाहिलं. सहा पंखे, छोटे, धापा टाकणारे. मधे दोन गोष्टी तापत होत्या, प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड, आणि सगळी धडपड त्यांना वारा घालायची. ती म्हणाली, "याला वारा कशाला घालता? पाणी द्या."

चष्मेवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. "विजेच्या यंत्रात पाणी?"

"गळलं नाही तर काय होतं?"

"आणि गळलं तर?"

"वीस वर्षांत माझं काही गळलंय?"

चार दिवस तिनं वाचलं, पाहिलं, विचारलं. अशी पाणीजोडणी लोक घरी करतात. तिच्यासारख्या धंद्यातल्या माणसाला ती खेळण्यातल्या मोरीसारखीच वाटली. तापणाऱ्या दोन जागांवर तांब्याचे ठोकळे बसवायचे, त्यांच्या पोटातून पाणी न्यायचं, ते पाणी रेडिएटरमध्ये गार करायचं, टाकीत आणायचं, टाकीतून पंपात, आणि पुन्हा फेरा. रेडिएटरला दोनच मोठे पंखे, संथ फिरणारे.

आराखड्यासाठी तिनं उरलेला भिंतीचा कागद उलटा पसरला, आणि नळ्यांची लांबी मोजायला अक्काच्या टोपलीतली लोकर घेतली. पेटीच्या आत या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल-निळे धागे ताणले. बघणाऱ्याला वाटावं, कुणी कॉम्प्युटरला स्वेटर विणायला घेतलाय.

ओटा पुसून पुसून दमलेली अक्का हळूच येऊन बसली. "हे कुठून कुठे जातं?"

"पाणी म्हणजे तुमचा ट्रक समजा, अक्का. इथून रिकामा निघतो. प्रोसेसरच्या गोदामात उष्णता भरतो. ग्राफिक्स कार्डाच्या गोदामात आणखी भरतो. रेडिएटरला येऊन सगळा माल उतरवतो, आणि परत."

अक्कानं चष्मा कपाळावर सरकवला. "एका गोदामातून भरलेली गाडी दुसऱ्या गोदामाला? मधे उतरवून घेत नाहीस? मग दुसऱ्याचा माल ठेवायचा कुठे?"

"मलाही तसंच वाटलं होतं. पण हा ट्रक मिनिटाला कितीतरी फेऱ्या मारतो. दर फेरीला मूठभरच माल. कुठे आधी, कुठे नंतर, फारसा फरक पडत नाही."

"मग जवळचा रस्ता घे. कमी वळणं, कमी लोकर."

नळवालीनं धागे पुन्हा लावले. अक्काच्या रस्त्यानं दोन वळणं वाचली, आणि अक्कानं उरलेली लोकर गुंडाळून टोपलीत टाकली. त्या संध्याकाळी स्टिअरिंगवरचं फडकं कुणीतरी काढून घडी करून ठेवलं होतं.

मग अक्कानंच धाकटीला फोन केला. 'बरी आहेस ना' झालं, 'बरी आहे' झालं. आणि ठेवता ठेवता अक्का म्हणाली, "येत्या रविवारी तीनला ये. ऐकू येईल मला."

नळवालीनं कॅलेंडरकडे पाहिलं. सामान गुरुवारी येणार होतं.

गुरुवारी सामान आलं. शुक्रवारी दुपारी तिनं काम लवकर आटोपून जोडणीला हात घातला. ठोकळे बसले, रेडिएटर बसला. राहिली टाकी, पारदर्शक, बाटलीएवढी, काचेसारखी दिसणारी पण काच नव्हे. नळीच्या जोडाला रबराची कडी होती आणि कागदावर लिहिलं होतं, हातानं आवळा. तिनं वाचलं. समजलं. हातानं आवळलं.

पण नळवालीच्या हाताला तिच्या गुरूची सवय होती. ज्या म्हाताऱ्या मिस्त्रीकडे ती शिकली तो म्हणायचा, जोड घट्ट बसला की वर पाव फेरा, माझ्या नावानं. म्हातारा जाऊन बारा वर्षं झाली होती. पण तो पाव फेरा वीस वर्षांत एकाही जोडाला चुकला नव्हता. मन दुसरीकडे होतं, हात पान्याकडे गेला, आणि पाव फेरा झाला.

टिक.

बोरीची वाळकी काटकी मोडावी एवढाच आवाज. तिनं टाकीत पाणी भरून बेसिनवर धरली. तळाशी केसाएवढी रेघ, आणि रेघेवर एक थेंब हळूहळू मोठा होत होता. थेंब पडला. मग दुसरा.

नवरा दारात येऊन उभा राहिला. थेंब पाहून त्यानं नाक मुरडलं.

"बोल," ती म्हणाली.

"मी कुठे काय म्हणतोय?"

"तुझं नाक म्हणतंय."

नवी टाकी यायला आठवडा लागणार होता. दुकानदारानं फोनवर तसं अगदी गोड आवाजात सांगितलं. नळवाली खोलीत जमिनीवर बसली, भोवती नळ्या, मांडीवर ती फुटकी टाकी. वीस वर्षांत काही गळलं नव्हतं, आणि जे गळलं ते नेमकं घरात, आणि नेमकं हे. आठवड्यानंतरही रविवार असतोच, हे तिला कळत होतं. पण अक्कानं 'ऐकू येईल मला' म्हणताना फोन दोन्ही हातांनी धरला होता. आणि त्या रविवारी धाकटीनं पुन्हा अक्षरंच उमटवली असती, तर अक्कानं ते फडकं मग कायमचंच टाकलं असतं.

अक्का चहा घेऊन आली. टाकी पाहिली, सुनेचं तोंड पाहिलं, आणि खुर्चीत बसली. खिडकीतून समोरचं छप्पर दिसत होतं. तिकडे बघत ती म्हणाली, "टाकी कशासाठी लागते गं?"

"पाणी भरायला. आणि आतली हवा वर येऊन बसायला. हवा फिरत राहिली की पंप गुरगुरतो."

"हवेला जायला तर तू घरांवर नुसता एक पाइप उभा करतेस. त्याला कुठे टाकी असते?" तिनं समोरच्या छपरावर बोट दाखवलं. तिथला तो उभा पाइप नळवालीनंच बसवला होता, गेल्या थंडीत.

नळवालीनं चहाचा कप खाली ठेवला. छपराकडे पाहिलं. पेटीकडे पाहिलं. मग गुडघ्यांवरच सरकत जाऊन भिंतीचा कागद ओढला. पंपाच्या तोंडाशी एक तिवाटा जोड. दोन वाटा पाण्याच्या, तिसरी वाट सरळ वर, पेटीच्या माथ्यापर्यंत, वर झाकण. झाकण उघडून पाणी भरायचं. हवा आपसूक त्या उभ्या नळीत चढून बसेल. टाकीची गरजच नाही.

"अक्का," ती म्हणाली, "वीस वर्षं मी हेच करतेय."

"म्हणून तर तुला दिसलं नाही," अक्का म्हणाली. "चहा गार होतोय."

तिवाटा जोड शनिवारी सकाळी चष्मेवाला स्वतः जाऊन घेऊन आला, आणि जाताना एकदाही नाक मुरडलं नाही. आता प्रश्न एकच राहिला. नळवालीनं आपले हात पाहिले आणि पाना उचलून नवऱ्याच्या खिशात घातला.

"आवळायचं तुम्ही, अक्का. माझा भरवसा नाही."

"माझ्या बोटांत जोर कुठे राहिलाय?"

"जेवढा राहिलाय तेवढाच लागतो. लोण्यासारखं सैलही नको, लोखंडासारखं घट्टही नको."

मग अकरा जोड अक्कानं आवळले, एकेक करून, वाकड्या बोटांनी, ओठ घट्ट मिटून. चष्मेवाला प्रकाश धरून होता. प्रत्येक जोडाला अक्का थांबून विचारी, "बास?" आणि सून हात पाठीमागे बांधून म्हणे, "बास." अकराव्या जोडाला तिनं मनातल्या मनात म्हाताऱ्या मिस्त्रीची माफी मागितली.

पाणी शुद्ध, औषधाच्या दुकानातलं. पेटीत सगळीकडे पांढरे कागद अंथरले, थेंब पडला तर लगेच दिसावा म्हणून. कॉम्प्युटर बंद ठेवून वीज फक्त पंपाला दिली. उभ्या नळीतलं पाणी सर्रकन खाली गेलं. नळवालीनं पंप थांबवून पुन्हा भरलं. पुन्हा खाली, पुन्हा भर. शेवटी नळी काठोकाठ राहिली. पण आत कुठेतरी गुरगुर होतीच.

"हवा अडकलीय," नळवाली म्हणाली.

"मग ढेकर काढ की." अक्कानं पेटीच्या एका बाजूला हात लावला, मुलाला दुसरी बाजू धरायला लावली. "याची काढली तशीच. हा माणूस सहा महिन्यांचा होता तेव्हा असाच गुरगुरायचा." दोघांनी पेटी हलकेच डावीकडे कलवली, मग उजवीकडे, मग मागे. अक्का वरून थोपटत होती. रेडिएटरमधून मोठा बुडबुडा निघाला, नळ्यांमधून चालत आला, उभ्या नळीत चढला आणि फुटला. गुरगुर थांबली.

रात्रभर पंप चालू राहिला. सकाळी एका कागदावर पिवळट डाग दिसला आणि घर क्षणभर थिजलं. नळवालीनं तो उचलून हुंगला.

"चहा," ती म्हणाली, आणि नवऱ्याकडे पाहिलं.

"मी नुसता डोकावलो होतो," चष्मेवाला म्हणाला.

बाकीचे कागद कोरडे ठणठणीत होते.

तीन वाजता अक्का स्टिअरिंगपुढे बसली. निळा ट्रक सुटला. पहिला पूल गेला, गाव गेलं, मग डोंगराचा रस्ता लागला, जिथे पंखे बोंबलायचे. सगळ्यांनी कान टवकारले. खोलीत घड्याळ ऐकू येत होतं. पेटीच्या आत पाणी आपल्या वाटेनं निमूट चाललं होतं, भरत, उतरवत, पुन्हा भरत.

आरशात पिवळा ट्रक दिसला. कोपऱ्यात अक्षरं उमटू लागली. अक्कानं तिकडे बघितलंच नाही. रस्त्यावरची नजर न काढता ती म्हणाली, "लिहू नकोस. बोल."

काही क्षण नुसता श्वास ऐकू आला. अक्कानं तोही ऐकला. तिचा हात चाकावर जरा सैल झाला. मग स्पीकरमधून तो आवाज आला, बारीक, खरखरीत, हळू.

"अक्का, इतकी सावकाश का चालवतेस? मागे रांग लागलीय."

अक्का हसली. चाक घट्ट धरून म्हणाली, "माल नाजूक आहे गं बाई. तू येत राहा मागून."

नळवालीनं दार हळूच ओढून घेतलं. त्या दाराची बिजागरी करकरते, हे तिला आजच कळलं. तिनं नवऱ्याला खुणावलं, तेलाची बाटली आण म्हणून, आणि ओठांवर बोट ठेवलं.