चिखलाचं टेबल

बालवाडीतली मावशी रोज दुपारी आधी पोरांचे हात धुवायची, मग भिंती पुसायची. शिकवणाऱ्या ताईंनी यंदा वर्गात चिखलाचं टेबल मांडलं होतं. माती, पाणी, भिजवलेलं पीठ, साबणाचा फेस.

"हात भरले की डोकं उघडतं, मावशी. जीभसुद्धा," ताई म्हणायच्या.

मावशी मान डोलवायची आणि मनात चरफडायची. पुसायला कोण? हीच.

पण खरं दुखणं वेगळंच होतं. तिची लेक चार वर्षांची असताना तापाने गेली, त्याला बावीस वर्षं झाली. लेक होती तेव्हा तिने कुठे हात लावला की मावशी फडकं घेऊन हजर. लेक गेल्यावर तिने घरभर शोधलं. भिंतीवर, दारावर, आरशावर उमटलेलं तिचं एकही बोट सापडलं नाही. सगळं लख्ख. तेव्हापासून नळाखाली कुणाचेही चिमुकले हात धरले की ते तिला लेकीचेच वाटायचे.

त्या आठवड्यात एक नवी मुलगी आली. मुठी आवळून भिंतीशी उभी राहायची. ना बोलणं, ना रडणं. घाण करायची नाही, असं आईने बजावलं होतं.

चौथ्या दिवशी बाकीची पोरं ताईंबरोबर अंगणात होती. मावशीला काय वाटलं कोण जाणे, बाह्या सारून तिने दोन्ही हात चिखलात खुपसले. जरा वेळाने शेजारी श्वास ऐकू आला. वळलं तर कोण दिसेल, याची भीती वाटून तिने मान हलवली नाही.

दोन छोट्या मुठी चिखलात शिरल्या, उघडल्या आणि तिची बोटं चाचपू लागल्या.

"गार," मुलगी म्हणाली. मग, "ही कुणाची बोटं?"

"माझी गं."

"आणि ही?"

"ती... ती तुझी."

शाळा सुटल्यावर आई आली. बरबटलेला फ्रॉक पाहून तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. तिने ओला रुमाल काढला.

"आजच्या दिवस राहू द्या," मावशी म्हणाली. पालकांपुढे ती एरवी तोंड उघडत नसे. "आज बोलली ती."

"बोलली? काय?"

मुलीने मातकट हात आईच्या गालावर ठेवला. "गार!" आणि खुदकन हसली.

आईने रुमाल पिशवीत टाकला.

त्या दोघी गेल्यावर रिकाम्या वर्गात मावशीने लेकीला नावाने हाक मारली, बावीस वर्षांत पहिल्यांदाच. मग बराच वेळ कान देऊन उभी राहिली.