वारुळाचा देव आणि टाकीतल्या मॅडम

सांगतो ते तुमच्यापैकी एकालाही खरं वाटणार नाही. न वाटलं तर बरंच आहे. दुधराम नावाच्या शेतकऱ्याच्या बांधावरच्या वारुळासमोर तीनशे माणसं बसायची, त्यांना सगळंच खरं वाटत होतं.

ते वारूळ बोलायचं. सडक अर्जुनीकडच्या त्या गावात दर सोमवारी चार वाजता भुपेंद्र महाराज सगळ्यांदेखत स्वतःच्या तोंडाला फडकं बांधून बसत आणि आवाज जमिनीतून येई: "मी पाताळातून बोलून राहिलो. आवाज कटत असंल तर दोनदा विचारा." माणसं दोनदा विचारत.

सुमित्राबाईनंही विचारलं. तिच्या आठ वर्षांच्या आचलला सिकलसेल, रक्ताचा जन्मजात आजार. वारूळ म्हणालं, गोळ्या बंद कर, आजार मी ओढून घेतो. गोळ्या बंद झाल्या. शुक्रवारपासून आचल शाळेत दिसेना. तिच्या शिक्षिका रेणू मॅडम घरी जाऊन समजावून आल्या, तर सुमित्राबाईनं विचारलं, तुमी देवापेक्षा मोठ्या काय?

मॅडम सुटीत पाखरांचे आवाज रेकॉर्ड करत. त्यामुळे वारूळ एकदा ऐकताच त्यांच्या कानाला कळलं होतं, की देव बोलतो तो पाइपातून. रेकॉर्डिंगचे त्यांचे तीन नियम होते. एकटं जायचं नाही, कुठे जातो ते सांगून जायचं, आणि माणसाचा आवाज विचारल्याशिवाय घ्यायचा नाही. त्या सोमवारी त्यांनी तिन्ही मोडले. देवाला विचारलं असतं तर तो गप्प बसला असता, आणि कोणाला सांगितलं असतं तर चारच्या आत गावभर झालं असतं.

बांधावरच्या मोटारीच्या खोलीला लागून सिमेंटची रिकामी टाकी होती, दोन पुरुष खोल. मॅडम बांबूच्या शिडीनं आत उतरल्या आणि खोलीतून निघून टाकीच्या भिंतीतून वारुळाकडे गेलेल्या पाइपाला त्यांनी माइक चिकटवला. तेवढ्यात महाराजांचा साळा वीरेंद्र आला. त्याला शिडी दिसली, आणि मंडपाची झालर बांधायला तो ती घेऊन गेला.

आता बसा. टाकी तव्यासारखी तापलेली, भिंत गुळगुळीत. ओरडावं तर बाहेर वारुळाचे तीनशे भक्त. न ओरडावं तर आपण इथे आहोत हे जगात कोणालाच ठाऊक नाही. नियमाची उंची तो मोडल्यावरच कळते. ही टाकीएवढी निघाली.

वीरेंद्र परतला आणि भिंतीपलीकडे खोलीत बसला. चार वाजता मॅडमच्या इयरफोनमध्ये आधी प्लास्टिकची खसखस आली, मग थुंकल्याचा आवाज, मग देव बोलला. पाइपाच्या दुसऱ्या टोकाकडून सुमित्राबाईचं रडणं आलं. पोरगी उठूनच नाई राहिली, देवा. मॅडमचं बोट बंद करायच्या बटणावर गेलं. देवाचा आवाज चोरल्याचं त्यांना काही वाटलं नव्हतं, या रडण्याचं वाटलं. पण प्रश्नच टिपला नाही तर उत्तर काय कामाचं? बोट दाबलं गेलं नाही. देव म्हणाला, आणखी एक सोमवार थांब.

वीरेंद्र प्रसादाला पळाला. सुमित्राबाई तोंड धुवायला टाकीजवळच्या नळावर आली. मॅडमनी हळूच हाक मारली, पण टाकी घुमली. बाईनं टाकीपुढे हात जोडले.

"देवा, तू इकडे कसा?"

"मी रेणू. आधी शिडी आणा."

झालरीसकट शिडी आली. वर आल्यावर मॅडमनी लगेच काही ऐकवलं नाही. म्हणाल्या, "यात तुमचं रडणं आहे. न विचारता घेतलं, चुकलं माझं. नाही म्हणाल तर आत्ता पुसते."

सुमित्राबाईनं इयरफोन स्वतःच ओढून घेतला. एकदा ऐकलं, पुन्हा लावायला सांगितलं. पाइपाच्या या टोकाला देवाचा आवाज चक्क वीरेंद्रचा होता, आणि पाइप मोटारीच्या खोलीतून येतो हे मॅडमनी दाखवलं. मग मॅडमचा हात धरून ती सरळ मंडपात गेली. महाराज फडकं सोडून बुंदी खात होते. तिनं इयरफोन काढून टाकला आणि रेकॉर्डर भोंग्याच्या माइकला लावला. खसखस मंडपभर झाली, आणि अर्ध्या मंडपाचे हात आपापल्या खिशाकडे गेले. प्लास्टिकच्या पन्नीत तंबाखू-सुपारी घोटल्याचा तो आवाज त्यांना ओळखायला शिकवावा लागत नव्हता.

सुमित्राबाई महाराजांसमोर उभी राहिली.

"पाताळातला देव खर्रा घोटते काय जी? तुमचा साळा मोटारीच्या खोलीतून पाइपात बोलून राहिला. बांध खोदून पाहा रे, पाइप वारुळातच निघंल. आन् बायांनो, जो गोळ्या बंद करायले सांगते त्याले आधी विचारा, तू बोलून कुठून राहिला. आता मले कोणी गाडी द्या. पोरीले दवाखान्यात न्यायची आहे."