हातातून हातात

"एल्व्हा, सासूबाईंना आणलंस की घरीच ठेवलंस?" डार्सीने लांबूनच हाक मारली आणि सॉसेज उलटायचा चिमटा हवेत नाचवला.

"आणलंय बाबा. मागच्या सीटवर बसून कुरकुर करत होत्या, गाडी फार जोरात चालवतेस म्हणून," एल्व्हा म्हणाली.

आजूबाजूचे चारदोन जण हसले. मर्टल हे एल्व्हाच्या सासूचं नाव. एल्व्हाच्या नवऱ्याने, क्लेमने, अजगराचं पिल्लू घरी आणलं तेव्हा त्याला खुशाल आपल्या आईचं नाव ठेवलं, कारण म्हणे माणसाकडे टक लावून बघण्याची दोघींची तऱ्हा एकच. सासूला जाऊन जमाना झाला. गेल्या हिवाळ्याच्या तोंडाशी क्लेमही गेला. मागे उरली ती ही मर्टल, आता माणसाच्या उंचीहून लांब, आणि आज तिलाही कुणाच्या तरी हवाली करायचं होतं. एल्व्हा लेकीकडे शहरात राहायला चालली होती. तिथे चौथ्या मजल्यावर घर, आणि त्या इमारतीत मांजरसुद्धा चालत नाही.

सरपटणाऱ्या आणि बेडकांच्या जातीच्या प्राण्यांवर जीव टाकणाऱ्यांचं हे मंडळ दर जानेवारीत, म्हणजे इथल्या ऐन उन्हाळ्यात, मरे नावाच्या नदीच्या काठी जमायचं. सकाळ सरता सरता ऊन असं चढलं होतं की पलीकडचा काठ पाण्यात विरघळल्यासारखा हलत होता. जुन्या बाथटबमध्ये कासवं पोहत होती. ओल्या शेवाळाच्या पेट्यांतून हिरवे बेडूक अर्धे डोळे मिटून बसले होते. निळ्या जिभेची एक जाडी पाल कुणाच्या तरी टोपीत झोपली होती आणि टोपीचा मालक बिचारा डोक्यावर ओला रुमाल टाकून हिंडत होता. निलगिरीच्या खालच्या फांद्यांवर सापांच्या पिशव्या टांगल्या होत्या, फुलाफुलांच्या, रेघारेघांच्या. वारा नसतानाही त्यातली एखादी हळूच कुशीवर वळायची. सिकाडा किड्यांचा आवाज इतका सलग होता की काही वेळाने तो ऐकूच येईनासा झाला.

त्या पिशव्या बहुतेक सगळ्या एल्व्हाने शिवलेल्या. जुन्या चादरींच्या, दुहेरी शिवणीच्या, आत एकही दोरा सुटा राहू न देता. तिचा सारा जन्म संत्र्यांच्या गोदामात सरकत्या पट्ट्यासमोर उभं राहून डागी फळ बाजूला काढण्यात गेला होता. उरलेल्या वेळात ती या पिशव्या शिवायची. आणि पिशवी शिवणाऱ्या बाईला सापाची भीती वाटत असेल हे कुणाच्या डोक्यात येणार?

पण वाटायची. मुलखाची वाटायची. लग्नानंतर पहिल्यांदा ती इथे आली तेव्हा क्लेमने छाती फुगवून सगळ्यांना सांगितलं होतं, "माझी बायको सापाबिपाला भीत नाही!" ती ॲप्रनच्या खिशात हात घालून नुसती हसली होती. त्या हसण्याने ती अडकली ती कायमची. झाकली मूठ झाकलीच ठेवायची तर हातांना काहीतरी काम हवं, म्हणून ती बटाट्याचं सॅलड करी, केक कापी, पिशव्या वाटी. कुणी मोठ्या प्रेमाने साप तिच्या हातात द्यायला आलाच, तर नेमका त्याच वेळी क्लेम लांबून ओरडायचा, "एल्व्हा, चहा आण गं!" त्याच्या त्या ओरडण्याचा तिला राग यायचा. बायको म्हणजे चहाची किटली वाटते काय याला? रागारागाने ती किटलीकडे जायची, आणि वेळ निभावायची.

रोज संध्याकाळी तो व्हरांड्यात मर्टलला दंडावर गुंडाळून बसायचा आणि तिच्याशी बोलायचा. पाऊसपाणी, गुडघेदुखी, सगळं. तिच्याशी जेवढं बोलायचा तेवढं एल्व्हाशीही बोलत नसे. एल्व्हा आतून भांडी घासता घासता ऐकायची आणि जळायची. हो, जळायची. सवत परवडली, निदान तिला नावं तरी ठेवता येतात. तो गेल्यावर तिने लांब चिमट्याने उंदीर टाकून मर्टलला जगवलं, झाकण लावलं की जीव भांड्यात पडायचा. काल संध्याकाळी पिंजऱ्यात पिशवी उघडी ठेवली. सकाळी बघते तो मर्टल अंधार बघून आपणहून आत शिरलेली. स्वयंपाकाचे हातमोजे घालून तिने तोंडाला गाठ मारली तेव्हा तिला दरदरून घाम फुटला होता.

एवढ्यावर भागलं असतं तर प्रश्न नव्हता. पण मंडळाची एक रीत होती. जनावर पिशवीतून द्यायचं नाही. देणाऱ्याने आपल्या हाताने बाहेर काढायचं आणि घेणाऱ्याच्या हातात ठेवायचं. फार पूर्वी कुणीतरी अजगर म्हणून बांधलेल्या पिशवीतून भलताच विषारी साप निघाला होता, तेव्हापासूनची ही रीत. म्हणून आज एल्व्हाने उजव्या मनगटाला पांढरी पट्टी गुंडाळली होती. मनगट ठणठणीत होतं.

जेवणं उरकली. टॅमसिन, मोटारसायकलवरून टपाल वाटणारी सडपातळ पोरगी, केव्हापासून पिशवीच्या झाडाखाली घुटमळत होती. मर्टल तिला मिळणार होती.

"एल्व्हा, मी हात दोनदा धुतले," ती म्हणाली. "साबणाचा वास आवडत नाही ना तिला? म्हणून नंतर पुन्हा नुसत्या पाण्याने धुतले."

"बरं केलंस हो," एल्व्हा म्हणाली. "पण माझं हे मनगट बघ ना, मुरगळलंय. डार्सीच काढेल तिला."

डार्सी, मंडळाचा अध्यक्ष आणि क्लेमचा शाळेपासूनचा दोस्त, हात पुसत आला. त्याने पट्टीकडे पाहिलं, एल्व्हाकडे पाहिलं. "जरा इकडे ये," म्हणून तिला पाण्याच्या कडेला घेऊन गेला.

"फार दुखतंय?"

"मग काय हौस म्हणून बांधलंय?"

"सकाळी सॅलडचं एवढं मोठं पातेलं त्याच हाताने उतरवलंस, बाई."

एल्व्हा नदीकडे बघत राहिली. एक पेलिकन पक्षी पाण्यावरून काहीच न करता वाहत चालला होता.

"हे बघ, रीत आपणच पाडलीय, आपणच मोडू," डार्सी हळू आवाजात म्हणाला. "ऊन फार आहे म्हणतो, पिशवीसकट देऊन टाकू. कुणी चकार शब्द काढणार नाही."

"का? माझ्यासाठीच का म्हणून?"

डार्सीने टोपी काढली, पुन्हा घातली. "क्लेमने सांगून ठेवलंय. दवाखान्यात, शेवटी शेवटी. म्हणाला, गड्या, मी गेल्यावर एल्व्हाला मर्टलला हात लावायला लावू नकोस. ती घाबरते. पहिल्यापासून."

"त्याला माहीत होतं?"

"तुला इथे पहिल्यांदा आणलं त्या दिवसापासून. ती फुशारकी मारली आणि तुझा चेहरा बघून त्याच्या लक्षात आलं, आपण माती खाल्ली. पण मला कळलंय हे तिला कळलं तर ती मेल्याहून मेल्यासारखी होईल, म्हणायचा. मग काय, तुला सोडवायला आयुष्यभर चहा पीत बसला. आवडत नव्हता त्याला चहा, ठाऊक आहे ना?"

एल्व्हाला ठाऊक नव्हतं. घरी तो कॉफी प्यायचा, ही गोष्ट तिने कधी त्या चहाशी जोडलीच नव्हती. दर उन्हाळ्यात नदीकाठी तिने त्याला कप नेऊन दिला, आदळून दिला, आणि त्याने तो नावडता, गोड, कोमट चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. तिला हसू आलं. मग रडू आलं. मग त्या मेलेल्या माणसाचा असा संताप आला, की समोर असता तर तिने त्याला कपडे घालून नदीत ढकललं असतं. एवढं प्रेम करायचं तर निदान सांगायचं तरी!

"बावळट कुठला," ती डोळे पुसत म्हणाली.

"होताच," डार्सी म्हणाला. "सांगू का मग सगळ्यांना, पिशवीसकट म्हणून?"

"नको."

ती झाडाखाली आली. पट्टी सोडून खिशात कोंबली. "बरं झालं एकदम मनगट," कुणीतरी चेष्टेने म्हणालं. डार्सीने त्याच्याकडे असं पाहिलं की तो गप्प झाला. एल्व्हाने पिशवी खाली घेतली, गाठ सोडली. तिचे पाय लटपटत होते आणि ते सगळ्यांना दिसत होतं. दिसू दे. तिने हात आत घातला.

साप गिळगिळीत असतो असं तिला इतकी वर्षं वाटत आलं होतं. मर्टल कोरडी होती, गुळगुळीत, आणि झाडाखालच्या सावलीइतकीच गार. ती सावकाश तळव्यावरून पुढे आली, मनगटावर आली, कोपराला वळसा घालून दंडापर्यंत चढली, आणि तिथे तिने वेढे आवळले, दुखेल असे नव्हेत, नुसते घट्ट. रोजच्या जागी बसावं तशी बसली. या दंडाला क्लेमचा दंड समजली की काय कोण जाणे. एल्व्हाने डोळे मिटले. सिकाडा, नदी, माणसं, सगळं लांब कुठेतरी गेलं. कुणीतरी तिला धरलं होतं. हिवाळ्यापासून तिला असं कुणी धरलं नव्हतं.

"एल्व्हा," टॅमसिन हलकेच म्हणाली, "घाई नाही मला."

"असू दे. घे," एल्व्हा म्हणाली. "नाहीतर मग मी देणार नाही."

टॅमसिनने हात पुढे केले. पण मर्टल सुटेना. तेव्हा डार्सी पुढे झाला आणि शेपटीकडून एकेक वेढा उलगडू लागला, न ओढता, धीराने, आणि टॅमसिन तो आपल्या हातावर घेऊ लागली. मनगटावरचा सुटला, कोपरावरचा सुटला, सगळ्यात शेवटी दंडावरचा. पोरगी पाळण्यातलं बाळ न्यावं तशी पावलं टाकत सावलीकडे निघाली आणि लोकही तिच्यामागे गेले.

एल्व्हा उन्हाच्या कडेला उभी राहिली. तिचा हात तसाच पुढे धरलेला होता. डार्सी शेजारी उभा होता. त्याने तिला हात खाली घे म्हटलं नाही.